लिफीवर कोण बसणार

२६ फेब्रुवारी

लिफीने आज लॉन्सेस्टनचा कप मारला. वर टेगन होती. शेवटच्या वळणापर्यंत ती त्याला घेऊन नुसती बसून राहिली. बाकीच्या जॉकींचे चाबूक सुरू झाले तेव्हा तिने त्याला बाहेरच्या बाजूने सोडलं आणि रेस तिथेच संपली. हे तिला मी शिकवलंय. पोनीवर बसायची तेव्हापासून घसा फोडून सांगत आलोय, घाई दुसऱ्याला करू दे म्हणून.

फोटो काढणारा म्हणाला, "व्हर्न, जरा हस की. कप जिंकलायस." मी हसतच होतो.

घरी येताना गाडीत ती म्हणाली, "डॅड, मी मेलबर्नला चाललेय. मार्चमध्ये."

मला वाटलं, कुणाचा तरी घोडा चालवायला, एखाद्या शनिवारी. म्हटलं, "जा की. संध्याकाळच्या विमानाने परत ये. रविवारी सकाळी घोडे पळवायचेत."

"परत नाही येणार. ॲलिस्टर फेनने बोलावलंय. त्याच्या तबेल्यावर काम करायचं आणि रेसेसही तिकडेच."

मी काही बोललो नाही. मागे लिफी गाडीच्या पत्र्यावर लाथा मारत होता, त्यामुळे तसंही काही ऐकू आलं नसतं. घरी आल्यावर त्याच्या पायांना बर्फ लावला, चारा टाकला, मग आत आलो. नोरीनने कोकराची तंगडी भाजली होती, त्यावर पुदिन्याची चटणी, सगळं साग्रसंगीत. तिचा चेहरा बघितला आणि समजलो. हिला आधीपासून माहीत होतं. बायकोला माहीत, फेनला माहीत, रेसकोर्सच्या कँटीनवालीलाही माहीत असेल. फक्त ज्याच्या तबेल्यात ही लहानाची मोठी झाली त्याला सगळ्यात शेवटी कळायचं.

कप टेबलावर तसाच राहिला. त्यात कुणी शॅम्पेन ओतली नाही.

२८ फेब्रुवारी

आज सरळ विचारलं. नाश्त्याला.

"चार वर्षं लागोपाठ तू इथली पहिल्या नंबरची जॉकी आहेस. तिकडे तुला कोण विचारतं?"

"कुणी नाही."

"मग?"

ती टोस्टच्या कडा तोडत होती. खात नव्हती, नुसती तोडत होती. म्हणाली, "डॅड, इथे गेट उघडायच्या आधीच मला ठाऊक असतं कोण कुठून जाणार. कुणाचा घोडा दमणार, कोण आत घुसायला घाबरणार. गेल्या दोन वर्षांत मला एकदाही भीती वाटलेली नाही."

"चांगलं आहे की मग."

"चांगलं नाहीये. मी झोपेत जिंकतेय."

याला सुख दुखणं म्हणतात. टास्मानियाच्या या बेटावर माणसं एक रेस जिंकायला आयुष्य घालवतात आणि हिला जिंकण्याचा कंटाळा आलाय.

नोरीन मध्ये पडली. "तूही गेला होतास की तिकडे, जॉकी होतास तेव्हा."

"माझी गोष्ट वेगळी. मला तिथे धड घोडेच मिळाले नाहीत."

"तू हिवाळासुद्धा पुरा काढला नाहीस, व्हर्न."

त्या वर्षी वडिलांना इथे मदतीची गरज होती, हे ती सोयीस्कर विसरते. वडील तेव्हा ठणठणीत होते हे खरं, पण मदत ठणठणीत माणसालाही लागतेच.

फेन मला पहिल्यापासून आवडत नाही. गेल्या वर्षीही त्याने टेगनबद्दल विचारायला मला फोन केला होता. मी सांगितलं, तिला त्यात रस नाही. बापाला आपली मुलगी माहीत असते. सांगून टाकलं म्हणून निदान एक वर्ष शांततेत गेलं.

११ मार्च

आज होबार्टला टेगनची इथली शेवटची मीटिंग, म्हणजे रेसचा दिवस. माझ्या सगळ्या घोड्यांवर मी हॉब्डेला बसवलं. जे माणूस चाललंय त्याच्यावर तबेला टांगून ठेवता येत नाही. हॉब्डे पन्नाशीला आलाय, हात जड आहेत, पण सांगितलं तेवढं करतो आणि वेळेवर येतो.

टेगनला बाकीच्या ट्रेनरांनी घोडे दिले. त्यातल्या एका खेचरावर, त्याला घोडा म्हणवत नाही, तिने माझ्या घोडीला हरवलं. परत येताना सगळ्या जॉकींनी मिळून तिच्यावर पाण्याच्या बादल्या ओतल्या, टाळ्या वाजवल्या. असं ऐकलं. मी गाडीत होतो. घोड्यांना पाणी पाजायचं होतं.

निघताना हॉब्डे म्हणाला, "बॉस, तिचा शेवटचा दिवस होता. लिफी नाही तर नाही, एक तरी घोडा द्यायचा तिला."

"तुला दिलेले घोडे आवडले नसतील तर तसं सांग."

गप्प बसला. हॉब्डेचा हा गुण चांगला आहे.

१८ मार्च

टेगन आज गेली. नोरीन तिला डेव्हनपोर्टला बोटीवर सोडून आली. मला जाता आलं नाही. म्हाताऱ्या घोडीचं पोट दुखत होतं आणि अशा वेळी तिच्याजवळ कुणीतरी लागतं. दोघी निघाल्यावर थोड्या वेळाने तिला बरं वाटलं.

जाण्यापूर्वी टेगन तबेल्यात आली होती. लिफीच्या कपाळावरचे केस सारखे करत बराच वेळ उभी राहिली. मला म्हणाली, "याला चिखलात फार पळवू नकोस. मऊ जमिनीत तो मनापासून पळत नाही."

मी म्हटलं, "घोडा माझा आहे."

"हो," म्हणाली. "माहीत आहे."

९ एप्रिल

दुपारी टीव्ही चालूच होता म्हणून बघितलं. मेलबर्नजवळच्या सँडाउनला टेगनचा एकच घोडा. शेवटून दुसरा. गेटमधून निघतानाच चुकली. सगळे आत घुसले आणि ही बाहेर अडकली, पूर्ण वळणभर बाहेरून फिरवलं घोड्याला. इथे असं कधी केलं नसतं. तिथे कुणी तुम्हाला जागा देत नाही. मला ते माहीत आहे.

नोरीनला म्हटलं, "बघितलंस?"

ती म्हणाली, "बघितलं. तू जेवायचा थांबून बघत होतास, तेही बघितलं."

२ मे

फेनने तिला शनिवारच्या, म्हणजे शहरातल्या मोठ्या, रेसेस दिलेल्या नाहीत. तिकडे दहा-पंधरा जॉकी आहेत ज्यांच्यापुढे ही कालची पोर. पहाटे त्याचे घोडे पळवते आणि मग चार-चार तास गाडी चालवत खेड्यापाड्यांतल्या मीटिंगला जाते, तिथे हरते आणि तितकेच तास परत. हे सगळं नोरीनकडून कळतं. मला फोन येत नाही. आला तर मी काही मारणार नाही तिला.

आज नोरीन फोनवर बोलत असताना ऐकलं, "पाच किलो? कशाला एवढं, टेगन? नीट खातेस का?" ज्यांच्यावर हलकाच जॉकी चालतो असे घोडेही मिळावेत म्हणून उतरवलं असणार. मीही त्या दिवसांत गरम पाण्याच्या टबात तासन् तास बसायचो आणि रात्रीच्या जेवणाला अर्धं सफरचंद खायचो. पण मला कुणी विचारलं नव्हतं नीट खातोस का.

२४ मे

टेगन पडली. सकाळच्या सरावात, रेसमध्ये नाही. घोड्याने अंगाखाली घेतलं नाही हे नशीब. गळ्याजवळचं हाड मोडलं.

नोरीन दुपारच्या विमानाने गेली. जाताना दारात थांबून माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "घोड्यांना कोण बघणार?"

"हॉब्डे बघेल."

"हॉब्डेला बघायला मी लागतो."

ती गेली. रात्री डब्यातलं सूप गरम केलं. ठीक होतं.

२७ मे

नोरीनने फोन लावून टेगनच्या हातात दिला. मी विचारलं, खांदा कसा आहे. म्हणाली, बरा आहे. लिफी कसा आहे, म्हणाली. म्हटलं, बरा आहे.

मग ती म्हणाली, "डॅड, फेनने तुला गेल्या वर्षी फोन केला होता?"

"केला असेल. लोक करतात फोन."

"माझ्यासाठी जागा आहे म्हणून? आणि तू सांगितलंस मला नकोय?"

"तुझ्या भल्यासाठीच सांगितलं."

मग म्हणाली, "गेल्या वर्षी त्याच्याकडे दोन जागा होत्या. आता माझ्या पुढे तीन जॉकी आहेत. मी एक वर्ष उशिरा आले, डॅड, आणि मला वाटत होतं की मीच धीर करायला उशीर केला. वर्षभर स्वतःला भित्री म्हणत होते."

मी म्हटलं, "गेल्या वर्षी गेली असतीस तर गेल्या वर्षी पडली असतीस."

तिने फोन आईकडे दिला. आणि नोरीन म्हणाली, नंतर बोलू.

मी चुकीचं काय बोललो ते कुणीतरी समजावून सांगावं. पडायला काही ठरावीक वर्ष लागत नाही.

१४ जुलै

डोंगरांवर बर्फ आहे, सकाळी पाण्याच्या टाक्यांवर पापुद्रा येतो. आमच्याकडे रेसेस कमी. नोरीन महिन्यातून दोनदा तिकडे जाते. मी विचारत नाही कशाला.

टेगन पुन्हा घोड्यावर बसलीय. गेल्या तीन आठवड्यांत चार रेसेस जिंकली, सगळ्या चिखलात, सगळ्या इतर कुणाला नको असलेल्या घोड्यांवर. टीव्हीवाला म्हणाला, ही टास्मानियाची मुलगी घोड्याला चिखलातही पाय टाकायला लावते, कुठून शिकली कोण जाणे. कोण जाणे म्हणे. टास्मानियात कोण कुणाला शिकवतं हे शोधून काढायला फार अक्कल लागत नाही.

तिचे हात बदलले आहेत. पूर्वीपेक्षा खाली ठेवते, आणि पुढच्या दोन घोड्यांमध्ये फट दिसली की विचार न करता घोडा घालते. मी असं शिकवलं नव्हतं. शेवटच्या रेसमध्ये तिने ज्या फटीत घोडा घातला ती बघून मी खुर्चीतून उठलो. नोरीन नव्हती तेव्हा घरात.

चिखलात कुणीही जिंकतं म्हणा. बाकीचे घोडे पळतच नाहीत.

११ ऑगस्ट

ठरवलं. लिफीला मेलबर्नला नेतोय. महिनाअखेरीला कॉलफील्डला शनिवारची दोन हजार मीटरची रेस आहे, त्याच्या मापाची. त्याच्या तोडीचा घोडा या बेटावर उरलेला नाही. त्यालाही मोठ्या लोकांत पळायचा हक्क आहे.

नोरीन म्हणाली, "टेगनला विचार."

"तू विचार."

"तुझा घोडा आहे. तूच म्हणतोस ना नेहमी."

शेवटी तिनेच फोन केला. मी दाराशी उभा होतो. टेगनचा आवाज ऐकू येत होता. "मम, त्या रेसमध्ये मला फेनने घोडी दिलीय. शनिवारची, शहरातली, पहिल्यांदाच धड घोडी. मालक म्हणालेत, नीट पळवलीस तर वसंतातल्या मोठ्या रेसेसनाही तूच. मी नाही म्हणू शकत नाही." मग थोडं थांबून, "डॅडने स्वतः विचारलंय?"

नोरीनने माझ्याकडे बघितलं. मी लिफीला बघायला बाहेर गेलो.

ठीक आहे. हॉब्डे बसेल.

२८ ऑगस्ट, मेलबर्न

बोटीवर लिफी शांत होता. मी नव्हतो. समुद्र खवळलेला, हॉब्डे पांढराफटक पडला होता. नोरीन दोन दिवस आधीच विमानाने आलीय, टेगनकडे उतरलीय. तिच्या फ्लॅटमध्ये तिसऱ्या माणसाला जागा नाही म्हणे. मला कुणी विचारलंही नव्हतं. हॉब्डे आणि मी तबेल्याजवळच्या मोटेलात.

आज सकाळी टेगन लिफीला भेटायला आली. मी तिला मागून ओळखलं नाही. इतकी बारीक झालीय की जाकीट खुंटीला अडकवल्यासारखं दिसतं. गालाची हाडं वर आलीत. लिफीने मात्र लांबूनच ओळखलं. खिंकाळला. तिने खिशातून पेपरमिंट काढून दिली आणि त्याच्या मानेवर डोकं टेकवून उभी राहिली. मी चाऱ्याची बादली तीनदा इकडची तिकडे केली.

मग म्हणाली, "उद्याचं एक सांगते. हॉब्डेला आतून जाऊ देऊ नकोस. आतल्या कठड्याजवळची जमीन पूर्ण फुटलीय, वरून कळत नाही. सगळे बाहेर सरकतील. लिफीला त्या चिखलात घातलंस तर तो सोडून देईल."

मी म्हटलं, "उद्या तूही पळतेयस ना?"

"हो. म्हणून काय?"

"काही नाही."

"मी खोटं सांगेन असं वाटतं तुला?"

"मी कुठे काय म्हटलं."

ती गेली. हॉब्डे म्हणाला, "बॉस, तिला इथली जमीन माहीत आहे. आपण बाहेरून जाऊ."

आता हा माणूस दुनियेला भोळा समजतो. जिला उद्या जिंकायचंय ती सकाळी सकाळी येऊन सांगते की चांगली वाट सोडून दे. इथे येऊन सहा महिन्यांत ती हेच शिकली असणार. मी दुपारी जमिनीवरून चालून आलो, आतली बाजू हिरवीगार दिसली. हॉब्डेला सांगितलं, कठडा धरायचा. सगळे बाहेर जात असतील तर आपल्याला आत मोकळं रान.

२९ ऑगस्ट

जिंकलो. लिफीने कॉलफील्डला शनिवारची रेस जिंकली. हे आधी लिहून ठेवतो.

आता जसं झालं तसं. गेट उघडलं आणि बाकी सगळे बाहेर सरकले. लिफी कठड्याला धरून एकटा पुढे. शेवटच्या सरळीत आला तेव्हाही पुढेच होता आणि माझ्या शेजारचा माणूस म्हणाला, तुमचा घोडा पळतोय की. पण जमीन मऊ होती. वरून कळत नाही. शेवटच्या दोनशे मीटरच्या खांबापाशी लिफीने शेपूट गोल फिरवली. तो असं करतो. दोन वर्षांचं शिंगरू होता तेव्हापासून, पुरे झालं असं त्याला वाटलं की शेपूट फिरवतो, आणि मग त्याला चाबूक मारा की साखर दाखवा, काही उपयोग नसतो. तेवढ्यात टेगनची घोडी बाहेरून आली. तिने लिफीला गाठलं, ओलांडलं, आणि ओलांडताना घोडी आत कलली. टेगनने तिला सरळ करायला लगाम ओढला, पण अंतर पुरेसं नव्हतं. हॉब्डेला लिफीला आवरावं लागलं. एखादी ढांग गेली त्यात. घोड्याच्या पाऊण लांबीने टेगन पहिली, लिफी दुसरा.

टेगन घोडीच्या मानेवर थापा मारत परत येत होती. नोरीन कठड्याशी उभी राहून रडत होती, आनंदाने असणार. फेन आपल्या मालकांबरोबर हात मिळवत होता. हॉब्डे उतरला आणि म्हणाला, "दमला होता, बॉस. आतली जमीन म्हणजे लापशी आहे."

मी विचारलं, "तिने वाट कापली का नाही?"

"थोडी कापली. पण..."

"कापली की नाही?"

"कापली."

मी हरकत घेतली. तो ट्रेनरचा हक्क आहे. भोंगा वाजला, सगळं मैदान थांबलं.

पंचांच्या खोलीत आम्ही चौघं. टेगन, फेन, हॉब्डे आणि मी, आणि समोर मोठा पडदा. रेस पुढे, मागे, समोरून, बाजूने, परत परत दाखवली. टेगनने टोपी मांडीवर ठेवली होती. मुख्य पंच सभ्य माणूस होता. म्हणाला, "वाट कापली हे दिसतंय, त्याबद्दल वेगळं बघू. मिस्टर क्विगली, प्रश्न एवढाच आहे. हा अडथळा आला नसता तर तुमचा घोडा जिंकला असता का?"

पडद्यावर लिफी खांबापाशी थांबवून ठेवला होता. शेपूट हवेत.

मी म्हटलं, "जिंकला असता. तो पुन्हा उचल घेत होता."

हॉब्डेला विचारलं. त्याने बुटांकडे बघत सांगितलं, "सांगता येत नाही, सर. घेतलीही असती."

मग पंच टेगनकडे वळला. "मिस क्विगली, हा घोडा तुम्ही अनेकदा पळवलाय. तुम्हाला काय वाटतं?"

ती पडद्याकडे बघत होती. मग माझ्याकडे बघितलं. चिडून वगैरे नाही, साधंच. म्हणाली, "लिफी जन्मला तेव्हापासून डॅड त्याला बघतोय. त्याच्याइतका तो कुणालाच माहीत नाही. तो म्हणत असेल की जिंकला असता, तर मला पुढे काही म्हणायचं नाही."

फेन ताडकन म्हणाला, "टेगन, अगं बोल की. तूच मला सांगितलं होतंस की हा घोडा..."

"मला काही म्हणायचं नाही," ती म्हणाली.

म्हणजे तिने स्वतःच मान्य केलं. खोलीतल्या सगळ्यांनी ऐकलं. हरकत मंजूर झाली, लिफी पहिला, तिची घोडी दुसरी. वाट कापल्याबद्दल तिच्यावर महिन्याभराची बंदी.

बाहेर लोकांनी माझ्याकडे बघून हुर्यो केली. त्यांचं काय, पैज हरलेली माणसं. फेन जाता जाता म्हणाला, "अभिनंदन, व्हर्न. वसंतातल्या रेसेस सप्टेंबरपासूनच सुरू होतात. मालकांनी दुसरा जॉकी बघायला सांगितलंय." मला का सांगत होता कोण जाणे. बंदी मी घातलेली नाही.

नोरीनने गाडीपाशी गाठलं. "आत काय सांगितलंस?"

"विचारलं त्याचं उत्तर दिलं."

"आता मी विचारते. जिंकला असता?"

"ते पंचांनी ठरवलंय, नोरीन."

तिने गाडीतून आपला कोट काढून घेतला. म्हणाली, ती थोडे दिवस टेगनकडेच राहणार आहे. जागा नाही म्हणत होती तिथे.

३ सप्टेंबर, लाँगफर्ड

घरी आलो. लिफीच्या मागच्या पायाला खरचटलंय, बाकी चांगला आहे. तिथला कप इथल्यापेक्षा लहान आहे, पण जड आहे.

टेगनला आता महिनाभर काम नाही. रेस नाही, घोडी गेली, फेन नुसतं पहाटेचं कामही देईल की नाही सांगता येत नाही. मेलबर्नमध्ये नुसतं बसून राहायला काही स्वस्ताई नाही. येईलच घरी. तिची खोली झाडून घेतली. चादरी धुतल्या. धुऊन वाळत घातल्या आणि पाऊस आला, मग परत धुतल्या. तिला सकाळी लागतो तो मध आणून ठेवला. घोडे पळवायला तर ती इथेही लागेल. आली की काही बोलायचं नाही, झालं ते झालं, असं ठरवलंय. मी काही मनात ठेवणारा माणूस नाही.

हॉब्डे दोन दिवस आलेला नाही. फोन उचलत नाही. तिसऱ्याच कुणाकडून कळलं की त्याने दुसरा तबेला धरलाय. जाऊ दे. त्याचे हात जडच होते.

९ सप्टेंबर

कुणी आलं नाही.

२१ सप्टेंबर

नोरीनचा फोन. बऱ्याच दिवसांनी. आधी गॅसच्या सिलिंडरबद्दल बोलली, मग म्हणाली, "टेगन मेलबर्न सोडतेय."

मी म्हटलं, "मला माहीत होतं. खोली तयार आहे म्हणून सांग तिला."

"घरी नाही, व्हर्न. सिडनीला."

मला वाटलं चेष्टा करतेय. सिडनी म्हणजे मेलबर्नपेक्षा अवघड. तिथे जगभरातून जॉकी येतात आणि रडत परत जातात. मेलबर्नमध्ये निदान फेन तरी होता. तिथे तिला कुत्रं विचारणार नाही. हे सगळं मी नोरीनला सांगितलं.

"तिला माहीत आहे ते."

"मग कशाला? वेड लागलंय का तिला?"

मागे कुणीतरी भांडी ठेवत होतं, टेगनच असावी. मी म्हटलं, "तिला दे फोन."

आवाज थांबला. नोरीनने फोनवर हात ठेवला असणार, कारण काहीच ऐकू आलं नाही. मग म्हणाली, "आत्ता नको म्हणतेय."

"मग तिला विचार तरी, सिडनीच का?"

"मी विचारलं होतं." नोरीनचा आवाज दमलेला होता. "ती म्हणाली, सिडनीला डॅडचे घोडे येत नाहीत."

एवढं बोलून तिने फोन ठेवला. ती स्वतः कधी परत येणार ते विचारायचं राहिलं.

२२ सप्टेंबर

कालच्या बोलण्यावर विचार करत होतो. तिचं म्हणणं बरोबर आहे. सिडनीला मी कधी घोडा नेलाच नाही. इतक्या वर्षांत एकदाही नाही. तिला ते लागलं असेल तर मी समजू शकतो. परक्या ठिकाणी एकटं जायचं आणि आपल्या घरचा एकही घोडा नाही, कुणालाही वाटेल.

लांब आहे, पण अशक्य नाही. बोटीने पलीकडे जायचं, आणि तिथून पुढे एका दिवसाचा रस्ता. लिफी प्रवासाला चांगला आहे. ऑक्टोबरच्या शेवटी सिडनीच्या रँडविकला त्याच्या अंतराची एक रेस आहे, तोपर्यंत तिची बंदीही उठते.

आज फोन करून त्याचं नाव घातलं. तिकडच्या बाईने विचारलं, जॉकी कोण लिहू?

म्हटलं, सध्या ती जागा रिकामी ठेवा.